माल खरा, गाडी छोटी

मालगाडीच्या प्रतिकृती करणाऱ्या वाचकांची या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरताहेत: वॅगनमध्ये काय भरायचं आणि किती. मला फार बरं वाटलं, कारण हा माझा प्रांत. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यांवर गेली, आधी मनमाडला आणि मग मिरजेला. वॅगन लागली की तिच्यात किती टन बसणार, हे पावती फाडण्याआधी बघावं लागे. तीच सवय मी छोट्या गाड्यांसाठी लावून घेतली. आधी वजन काढायचं, मग रास किती उंच करायची ते ठरवायचं. खालच्या बऱ्याच उत्तरांत हे पुन्हापुन्हा येईल, त्याला इलाज नाही. मापं सगळी एचओची आहेत, म्हणजे 1:87, खऱ्या गाडीचा 87वा भाग.

प्रश्न: ताई, मी दहा बॉक्सएन (वरून उघड्या, उंच भिंतींच्या) वॅगन केल्या आहेत. पाच कोळशाच्या, पाच लोहखनिजाच्या. कोळशासाठी काळी रंगवलेली वाळू वापरली, खनिजासाठी विटेची भुकटी. सगळ्या काठोकाठ भरल्या. तरी खोट्या दिसतात. कुठे चुकतंय? (चंद्रपूर)

उत्तर: चंद्रपूरला राहता म्हणजे कोळशाच्या गाड्या रोज डोळ्यांसमोरून जातात. तुम्हाला काहीतरी खटकतंय ते त्यामुळेच, आणि तुमचं खटकणं बरोबर आहे.

आधी हिशेब करू. बॉक्सएनची आतली मापं 9784 मिमी लांब, 2950 मिमी रुंद, 1950 मिमी उंच. गुणाकार केला की 56 घनमीटरच्या थोडं वर येतं. आणि मूळच्या बॉक्सएनमध्ये माल भरायचा साधारण 58 टन. आपला दगडी कोळसा घनमीटरला टनाच्या थोडा आतच भरतो, म्हणून कोळशाची वॅगन काठोकाठ भरून वर रास येते. हे तुमचं बरोबर झालं. लोहखनिज मात्र घनमीटरला सव्वादोन-अडीच टन भरतं. 58 टन खनिजाला 25 घनमीटरच्या आसपास जागा पुरते. वॅगनच्या तळावर ते सारखं पसरलं तर साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास उंची होते, म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये जेमतेम 10 मिमी. आतली एकूण उंची आहे 22 मिमी. तुमच्या खनिजाच्या वॅगन काठोकाठ भरल्या आहेत, म्हणजे त्यांत सव्वाशे टनांच्या वर माल झाला. अशा वॅगनच्या बोगी, म्हणजे खालचे चाकांचे सांगाडे, रुळावर टिकणार नाहीत. बघणाऱ्याला आकडा माहीत नसतो, पण डोळ्याला खटकतं ते हेच.

खनिजाची वॅगन पुलावर उभं राहून बघितली तर बहुतेकदा दोन ढीग दिसतात, दोन्ही बोगींच्या डोक्यावर एकेक, आणि मधला तळ जवळजवळ उघडा. वजन बोगींवर यावं म्हणून तसं भरतात. तुम्ही पाचपैकी तीन वॅगन अशा करा आणि दोन सपाट पसरलेल्या ठेवा. बाजूने बघताना त्या रिकाम्या वाटतील. वाटू द्या, खऱ्याही तशाच वाटतात. किरंदुल मार्गावर खनिजासाठी बुटक्या भिंतींच्या बॉय वॅगन चालतात, त्याचं कारण हेच. जड मालाला उंच भिंत कशाला हवी?

आता मालाचा पोत. कोळशासाठी कोळसाच वापरा, पण दगडी. इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा चालणार नाही. तो कुटला की मऊ भुकटी होते आणि त्याला चमक नसते. दगडी कोळशाचा कण कितीही बारीक केला तरी त्याच्या एखाद्या बाजूवर उजेड चमकतो. वाळूला काळा रंग देऊन ती चमक येत नाही. खलबत्त्यात कुटा (स्वयंपाकाचा नको, वेगळा घ्या), मग दोन चाळण्या लावा. वीजकेंद्राला जाणारा कोळसा 100 मिमीच्या आत फोडलेला असतो, म्हणजे मॉडेलमध्ये कण सव्वा मिलिमीटरच्या आत हवा. चहाच्या साध्या गाळणीतून पडेल तो बहुतेक या मापाचा. मग मैद्याच्या चाळणीतून काढून अगदी पीठ झालेला भाग बाजूला ठेवा. तो टाकू नका, वॅगनच्या कोपऱ्यांत आणि कठड्यावर भुरभुरायला लागतो.

रासेखाली सनबोर्डचा तुकडा आतल्या मापाला अर्धा मिलिमीटर कमी कापा, त्याच्यावर थर्माकोलचा उंचवटा कोरा, आणि सगळं आधी काळं रंगवून घ्या. नाहीतर एखाद्या फटीतून पांढरं डोकावतं. फेविकॉल जाड लावून कोळसा पेरा, वाळू द्या. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. लिक्विड नसेल तर थेंब रासेवर गोळा होऊन बसतो आणि खड्डा पाडतो. तळाला एक लोखंडी वायसर चिकटवलात तर चुंबकाने अख्खी रास उचलून गाडी रिकामी करता येते.

रासेचा आकार तर मला सगळ्यात जवळचा. पेलोडरने, म्हणजे पुढे मोठी बादली असलेल्या यंत्राने, भरलेल्या वॅगनमध्ये बादलीगणिक एकेक उंचवटा दिसतो, तीन किंवा चार, आणि ते वॅगनच्या एका बाजूला झुकलेले असतात, कारण पेलोडर एकाच बाजूने ओततो. सायलोखाली (कोळशाच्या उंच कोठीखाली) हळूहळू पुढे सरकत भरलेल्या रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, एकसलग कणा दिसतो. एका रेकमध्ये दोन्ही प्रकार मिसळू नका. पूर्ण रेक एका ठिकाणी भरतात, त्यामुळे सगळ्या राशी बहिणी-बहिणी दिसल्या पाहिजेत: चेहरा एक, पण तंतोतंत सारखी एकही नाही.

खनिजासाठी विटेची भुकटी फार नारिंगी पडते. बारीक चाळलेली वाळू घ्या, तिला गेरूच्या पाण्यात बुडवा आणि वाळल्यावर त्यात चिमूटभर कोळशाची पूड मिसळा. गेरू म्हणजे लोहाचाच ऑक्साइड, त्यामुळे रंग आपोआप जुळतो. तोच गेरू कोरड्या ब्रशने बोगींवर, कठड्यावर आणि दाराच्या बिजागऱ्यांवर उडवा. बेल्लारी-होस्पेटहून घाट उतरून मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या गाड्या ज्यांनी बघितल्या आहेत, त्यांना तो लाल थर सांगायला नको.

आणि वॅगनच्या बाजूचे पत्रे सपाट ठेवू नका. पेलोडरच्या बादल्या आणि वीजकेंद्रातलं टिपलर (वॅगन उलटी करून रिकामी करणारं यंत्र) यांचा मार खाऊन ते बाहेर फुगतात. पातळ प्लॅस्टिक शीट असेल तर जोडण्याआधी मऊ रबरावर ठेवून आतल्या बाजूने बोरूच्या गोल टोकाने दाबा. उभ्या पट्ट्यांच्या मधलाच भाग फुगवा, पट्ट्या सरळच राहू द्या.

प्रश्न: कोकण रेल्वेची रो-रो गाडी करतोय, भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेणारी. मुलाच्या जुन्या 1:64 च्या धातूच्या ट्रक गाड्या आहेत, त्याच वॅगनवर ठेवल्या तर चालतील का? (माणगाव)

उत्तर: चालणार नाहीत. अडीच मीटर रुंदीचा ट्रक 1:87 मध्ये 29 मिमी होतो आणि 1:64 मध्ये 39. तुमची सपाट वॅगन 33-34 मिमी रुंद आहे, म्हणजे ट्रकची चाकं हवेत लटकतील. 1:87 चा एखादाच ट्रक मिळाला तरी चालेल. बाकीचे त्याच्या मापावर सनबोर्डचे करा आणि वर ताडपत्री घाला. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून अंथरा आणि दोरीसाठी शिवणाचा दोरा मेणातून ओढून घ्या.

कोलाडहून वेर्ण्याला ही सेवा 1999 मध्ये सुरू झाली. गाडीत ट्रकबरोबर त्याचा चालक आणि क्लीनरही प्रवास करतात, आपापल्या केबिनमध्ये बसून. म्हणून एखाद्या केबिनच्या खिडकीत माणूस दाखवा, एखादीवर टॉवेल वाळत घाला. प्रत्येक चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळा लावा. आगकाडीचा तिरका काप त्याला पुरतो. ठोकळे नसलेला ट्रक मला तरी बघवत नाही, तो पहिल्याच उतारावर सरकणार.

प्रश्न: 2016 साली मिरजेहून आमच्याकडे पाण्याची गाडी आली तेव्हा मी शाळेत होते. आता ती 'जलदूत' करायची आहे. टाक्या कशापासून करू? त्या कोणत्या प्रकारच्या होत्या? (लातूर)

उत्तर: हे पत्र वाचून मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. तुम्ही ही गाडी जरूर करा.

त्या टाक्या बीटीपीएन, एरवी पेट्रोल-डिझेल नेणाऱ्या. कोटा इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्या आतून स्वच्छ करून मिरजेला आणल्या होत्या. पहिली गाडी 11 एप्रिल 2016 ला मिरजेहून निघाली. तिला 10 टाक्या होत्या आणि पाणी होतं सुमारे 5 लाख लिटर. नंतर 50 टाक्यांची गाडी धावू लागली, एका खेपेला सुमारे 25 लाख लिटर. म्हणजे टाकीमागे 50 हजार लिटर. आता बघा, या टाकीचं आतलं आकारमान 70 घनमीटरच्या घरात आहे, 70 हजार लिटरची जागा. मग 50 हजारच का? पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, पाणी पूर्ण एक किलो. वॅगनला माल झेपतो साधारण 54 टन. पेट्रोलने टाकी भरत आली की भार त्या मर्यादेजवळ जातो, पाण्याने त्याच्या बऱ्याच आधी जातो. म्हणजे लातूरला आलेली प्रत्येक टाकी वरून बरीच मोकळी होती आणि तरी पूर्ण भाराने चालली होती. मॉडेलमध्ये हे दिसणार नाही, पण गाडी करताना तुम्हाला माहीत असलेलं बरं.

टाकीसाठी नळाचा 32 मिमी बाहेरील व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या. 87 ने गुणलं की 2.78 मीटर होतो, खऱ्या टाकीपेक्षा किंचित कमी. वरून जाड कागदाचा एक फेरा गुंडाळला की फरक भरून निघतो. त्या कागदावर आधीच मागच्या बाजूने पेनाच्या बंद टोकाने जोडाच्या रेषा उठवून घ्या. दोन्ही टोकांना फुगीर बशा लागतात. त्या एमसीलच्या करा, ओल्या बोटाने गोल फिरवत. पाइप सँडपेपरने घासून प्राइमर मारल्याशिवाय रंग मारू नका, पीव्हीसीवरचा रंग नखाने सोलून निघतो. कपलरपासून (वॅगन जोडणाऱ्या आकड्यापासून) कपलरपर्यंतची लांबी 12,420 मिमी आहे, तुमच्याकडे 143 मिमी होईल.

बीटीपीएन म्हटलं की सगळे जण वरच्या झाकणापासून खाली काळे ओघळ काढतात. तुमच्या गाडीला ते काढू नका. टाक्या धुऊन आल्या होत्या. त्याऐवजी झाकणाभोवती पाणी सांडल्याच्या खुणा दाखवा, धूळ धुऊन गेलेले फिकट पट्टे, खाली रुंद होत गेलेले. आणि भरलेली गाडी स्प्रिंगांवर खाली बसते हेही दाखवता येईल. आपल्याकडे रिकाम्या वॅगनचा कपलर रुळापासून जास्तीत जास्त 1105 मिमी आणि भरलेल्याचा कमीत कमी 1030 मिमी उंचीवर असावा असा नियम आहे. फरक 75 मिमी, तुमच्या मापात एक मिलिमीटरच्याही आत. बोगीच्या स्क्रूखालचा एक कागदी वायसर काढला तरी गाडी अर्धा मिलिमीटर खाली बसते आणि जड दिसायला लागते. लातूरहून परतणारी रिकामी गाडीही करणार असाल तर तिचे वायसर तसेच ठेवा.

प्रश्न: स्टीलच्या कॉइलची वॅगन केली, सहा कॉइल ठेवल्या. कारखान्यात काम करणारा मित्र म्हणतो जास्त आहेत. (भिलाई)

उत्तर: मित्र बरोबर सांगतोय. 1.8 मीटर बाहेरचा व्यास, मध्ये 76 सेंटीमीटरचं भोक, रुंदी सव्वा मीटर, अशी कॉइल वीस टनांच्या वर जाते. तीन झाल्या की साठ टन. तीनच ठेवा, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडा. कॉइल तेवढ्या जड असतात हे त्या मोकळ्या जागेतूनच कळतं.

करायला सोप्या आहेत. दुकानातल्या बिलाच्या कागदाची 14 मिमी रुंद पट्टी कापा, 9 मिमीच्या दांड्यावर घट्ट गुंडाळत 21 मिमी व्यास करा आणि शेवट चिकटवा. एक-दोन कॉइलमध्ये गुंडाळताना पट्टी अर्धा मिलिमीटर सरकू द्या, कडेला पायरी दिसते, खऱ्यांनाही असते. रंग मारण्यापेक्षा 6बी पेन्सिलीचं शिसं घासून बोटाने चोळा. गरम रोलिंगच्या कॉइलचा निळसर करडा रंग असा छान येतो.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी केलेल्या बंद वॅगनच्या बाजू फुगून चिरा पडल्या आहेत. आत वजनासाठी गळाचं शिसं भरून फेविकॉल ओतलं होतं. दमट हवेमुळे असेल का? (नाशिक)

उत्तर: हवेचा वाटा आहे, पण मूळ कारण शिसं आणि फेविकॉल यांची जोडी. पांढऱ्या गोंदातून सुटणाऱ्या आम्लाने बंद जागेतलं शिसं गंजतं, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेते. भिंती आतून ढकलल्या जातात. वॅगन उघडाल तेव्हा ती भुकटी उडवू नका, फुंकर तर अजिबात नको. ती विषारी असते. ओल्या कापडाने पुसून कापड टाकून द्या, हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

पुढे लोखंडी नट किंवा वायसर वापरा आणि अॅराल्डाइटने बसवा. किती वजन हवं? अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा एक ठोकताळा आहे, एचओसाठी 28 ग्रॅम आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला 14 ग्रॅम. बॉक्सएनएवढ्या वॅगनला 97 ग्रॅमच्या आसपास येतं. वजन तळाशी आणि दोन्ही बोगींमध्ये सारखं वाटलेलं असू द्या.

प्रश्न: मावशी, मी आठवीत आहे. वॅगनवरचा अकरा आकडी नंबर मनाने लिहिला तर चालतो का? (पुणे)

उत्तर: मनाने लिही, पण नियमाने लिही. त्यात मजा आहे. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार सांगतात: 10 ते 29 उघड्या, 30 ते 39 बंद, 40 ते 54 टाक्या. पुढचे दोन ती कुठल्या रेल्वेची ते, मध्य रेल्वे 01, पश्चिम 08. पुढचे दोन बांधणीचं साल, मग चार आकडी क्रमांक, आणि शेवटचा एक आकडा पडताळणीचा. तो आधीच्या दहांवरून निघतो.

समज तू लिहिलंस 10 01 98 3472. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आकडा घे: 0, 1, 8, 4, 2. बेरीज 15, तिला तीनने गुण, 45. उरलेले पाच म्हणजे 1, 0, 9, 3, 7. त्यांची बेरीज 20. दोन्ही मिळून 65. पुढचा दशक 70, त्याला 5 कमी पडतात. म्हणून शेवटचा आकडा 5. तुझ्या वॅगनचा पूर्ण नंबर 10 01 98 3472 5. आता स्टेशनवर एखादी मालगाडी थांबली की फलाटावरूनच तिच्या एखाद्या वॅगनचा नंबर वाच आणि ताडून बघ. नंबर घेताना कारकुनाच्या हातून एखादा आकडा चुकला तर या शेवटच्या आकड्यामुळे ते पकडलं जातं.

नंबर घातलास की खडूच्या खुणाही घाल. यार्डात वॅगनवर खडूने काहीबाही लिहिलेलं असतं: कुठे जायचंय त्या स्टेशनचं संक्षिप्त नाव, बाणाची खूण, रिकामी असल्याचं 'एमटी'. पांढरी रंगपेन्सिल टोकदार करून लिही, अक्षरं 3 मिमीपेक्षा मोठी नकोत, आणि सरळ रेषेत नकोत. उभ्या माणसाचा हात जिथे पोचतो तेवढ्याच उंचीवर लिही. त्याच्या वर खडू जात नाही.

प्रश्न: बार्शी लाइटची छोटी गाडी करायची आहे. रूळ कोणते घेऊ आणि वॅगनमध्ये काय भरू? (बार्शी)

उत्तर: रुळांचा प्रश्न छान सुटतो. तुमची जुनी लाइन 762 मिमी रुंदीची होती. 87 ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर, आणि बाजारात मिळणारा एन गेजचा (एचओपेक्षा लहान मापाच्या मॉडेलचा) रूळ 9 मिमीचा. फक्त स्लीपर लांब आणि विरळ करून घ्या, एनचे स्लीपर फार दाट दिसतात. आपली ब्रॉडगेज करणाऱ्यांना हे सुख नाही. त्यांना 19 मिमीहून जास्त हवं असतं आणि मिळतो 16.5 चा रूळ.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ही लाइन 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू केली. पंढरपूरला ती 1906 मध्ये पोचली, लातूरला 1911 मध्ये, मिरजेला 1927 मध्ये. रूळ हलके, म्हणून एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको असं त्यांनी ठरवलं आणि इंजिनापासून वॅगनपर्यंत सगळं त्याच हिशेबाने आखलं. मालाच्या वॅगनना खाली दाबीव पोलादाची एकाच मापाची चौकट, 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद. तुमच्या मापात 87.5 मिमी आणि 24.5 मिमी. एक चौकट नीट बसवा आणि तिच्यावर उघडी, बंद, सपाट, हवी ती पेटी चढवा. कॅलथ्रॉप यांनी नेमकं हेच केलं होतं.

चार आसांची वॅगन, म्हणजे गाडी आणि माल मिळून 20 टन. कापसाच्या गाठी भरा, तुमच्या भागाला शोभतात. आजची प्रमाणित गाठ 170 किलोची असते. मोजून चार रांगा लावा, वर ताडपत्री घाला आणि एका कोपऱ्यातून गाठीचा कोपरा दिसू द्या. गाठी बाल्सा लाकडाच्या कापून त्यांवर बँडेजचं कापड ओढा आणि पट्टीसाठी काळा दोरा गुंडाळा. बँडेज चहाच्या पाण्यात बुडवून घ्या, कोरं पांढरं नको.

प्रश्न: मालधक्क्यावर दार उघडलेली बीसीएन (बंद वॅगन) दाखवायची आहे, आत पोती. एकात सिमेंट, एकात कांदा. पोती किती करू? (निफाड)

उत्तर: फार नाही. आत ठोकळा बसवा आणि दारातून दिसतील तेवढीच पोती करा. पण ठोकळ्याची उंची दोन्ही वॅगनमध्ये वेगळी हवी. बीसीएनची पोकळी शंभर घनमीटरच्या थोडी वर आहे. वॅगनला झेपेल एवढं सिमेंट, म्हणजे 50 किलोच्या हजारावर पिशव्या, अर्ध्या उंचीच्या आतच संपतात. वर बरीच जागा उरते. कांदा हलका, तो भरता भरता छताजवळ पोचतो. तुमच्या निफाड-लासलगावच्या धक्क्यावर हे तुम्ही बघितलंच असेल.

पोत्यांसाठी एमसीलची 5 मिमी रुंद, 2 मिमी जाड पट्टी लाटा आणि साडेआठ मिमीवर तुकडे करा. कच्ची असतानाच एकावर एक रचा, म्हणजे खालचं पोतं वरच्याच्या भाराने दबतं आणि कडा एकमेकांत बसतात. वाळवून रचलेली पोती विटांसारखी दिसतात. सिमेंटच्या पिशव्या करड्या-पांढऱ्या, कांद्याच्या जाळीच्या लालसर. जाळीचे धागे दाखवायला जाऊ नका, या मापाला ते दिसायलाच नकोत. लाल रंग पातळ करून लावा, तो खाचांत साठला की पुरे. सिमेंटच्या दारासमोर धक्क्यावर थोडी करडी पूड आणि एक फाटलेली पिशवी, कांद्याच्या दारासमोर सुटलेले चार-पाच कांदे. कांद्यासाठी मोहरीचा दाणा मोठा पडतो, खसखस घ्या आणि गुलाबी रंगवा.